डीजेचा कान, तारप्याचा श्वास

पालघर जिल्ह्यातल्या माहीम, केळवे, शिरगाव, सातपाटी या पट्ट्यात हळद म्हटली की आता डीजे आलाच. लग्नाच्या दिवसापेक्षा हळदीची रात्र मोठी झाली आहे आणि त्या रात्रीत डीजेइतकं मोठं दुसरं काही उरलेलं नाही. मांडवाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या जुन्या मंडळींचं यावरचं मत ठरलेलं असतं : हा कसला वाजवणारा, नुसती बटणं दाबतो, वाजवणारे आमच्या वेळचे, सनई फुंकून फुंकून गाल दुखायचे त्यांचे. नाचून घामाघूम झालेल्या पोरांचं उत्तरही ठरलेलं : काका, बेंजोवाल्यांना पन्नास गाणी येतात, डीजेकडे हजारो आहेत.

हा वाद आता इतका मुरला आहे की कोणी दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. मला त्यात शिरावंसं वाटतं, कारण दोन्ही बाजू चुकीची गोष्ट मोजताहेत. जुनी मंडळी कष्ट मोजतात, पोरं साठा मोजतात. पण गाल दुखले म्हणून सनई सुरात लागत नाही आणि पेन ड्राइव्हमध्ये हजार गाणी असली म्हणून त्यातलं कोणतं कधी लावायचं हे कळत नाही. माझं म्हणणं असं आहे : डीजे हा वादक आहे की नाही हे त्याच्यापुढच्या यंत्रावरून ठरत नाही, समोर नाचणाऱ्या माणसांना तो ऐकतो की नाही यावरून ठरतं. या कसोटीला काही डीजे पुरेपूर उतरतात आणि आपल्याकडचे बरेचसे उतरत नाहीत. मात्र जो उतरतो, तोही परंपरेने वाजवणाऱ्यांच्या ऋणात असतो, आणि त्या ऋणाचा विचार पालघर-बोईसरकडे अजून नीट सुरूच झालेला नाही.

आधी तुलना कोणाशी करायची ते ठरवू. डीजेचा विषय निघाला की लोक लगेच भीमसेन जोशी किंवा झाकीर हुसेन यांची नावं घेतात. ही तुलना डीजेवर अन्याय करते आणि शास्त्रीय संगीताबद्दलही काही सांगत नाही. मैफलीत माणसं बसून ऐकतात. हळदीत, मिरवणुकीत, गरब्यात माणसं उभी असतात आणि त्यांचे पाय चालू असतात. बसलेल्या माणसासाठी वाजवणं आणि नाचणाऱ्या माणसासाठी वाजवणं हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, त्यांच्या अडचणी वेगळ्या, त्यांचं शिक्षण वेगळं. डीजेची तुलना करायची तर ती नाचासाठी वाजवणाऱ्यांशी करावी. बेंजो पार्टीशी, संबळवाल्याशी, ढोलवाल्याशी करावी. आणि आपल्या जिल्ह्यात बसून करायची तर सगळ्यात आधी तारपावादकाशी करावी.

रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं, विक्रमगड, जव्हार, डहाणूच्या पाड्यांवर, की तारपा भेटतो. वाळलेला दुधी भोपळा, त्यात खालच्या अंगाला बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या आत थरथरणाऱ्या बारीक जिभल्या, सांधे बुजवायला मधमाशीचं मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाद्य दुकानात मिळत नाही. वाजवणाराच बहुधा ते बनवतो. म्हणजे भोपळा कोणता निवडायचा, बांबू कधी तोडायचा, जिभली किती तासायची हेही वादनाच्या शिक्षणातच येतं. जिभली जाड राहिली तर फुंकताना दम जातो, जास्त तासली गेली तर आवाज फाटतो. एवढं करून वाद्य हाती आलं की खरी परीक्षा सुरू होते. तारपा मध्ये थांबत नाही. गालात हवा साठवून ती नळीत ढकलत असतानाच वादक नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तासन् तास, कधी रात्रभर. नवं भात तयार होऊ लागलं की या वाद्याचे दिवस येतात.

आता तो कसा वाजवतो ते बघा. तो मंचावर नसतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती वेटोळं करतात आणि वेटोळं फिरत असताना तारप्याकडे पाठ करत नाहीत. वादकाने चाळा, म्हणजे तारप्याची चाल, बदलला की पाऊल बदलतं. पण चाळा कधी बदलायचा हे तो मनाने ठरवत नाही. साखळीचं टोक मागे पडतंय का, पोरीबाळी दमल्या का, म्हाताऱ्यांना अजून पुढे खेचता येईल का, हे सगळं त्याला दिसत असतं आणि त्याप्रमाणे तो फुंकत असतो. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतून हे वेटोळं जगभर गेलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. वारली चित्र म्हणून आज पिशव्यांवर आणि भिंतींवर जे दिसतं त्यात तारपावादक वेटोळ्याच्या पोटात उभा असतो. चित्रातली ही मांडणी शोभेसाठी आलेली नाही. वाजवणारा आणि नाचणारे यांच्यामध्ये अंतर नसावं, ही या संगीताची अटच आहे.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी ओलांडलेला हा माणूस, घरात पिढ्यान्‌पिढ्या तारपा. बातमी आली तेव्हा आपल्या भागात आनंद झाला आणि तो होणं योग्यच होतं. पण त्या आठवड्यातही बोईसरला, पालघरला ज्या हळदी झाल्या असतील त्यांत तारपा वाजला असेल असं मला वाटत नाही. पुरस्काराने मान मिळतो, सुपारी मिळत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी आता डीजेला झोडपणार. तसं नाही. चांगला डीजे काय करतो ते जवळून पाहिलं नसेल तर एकदा पाहावं. गर्दीतून पुढे जाऊन त्याच्या टेबलाच्या बाजूला उभं राहावं.

एक गाणं स्पीकरच्या भिंतीतून मोठ्याने वाजत असतं, ते सगळे ऐकतात. त्याच वेळी त्याच्या एका कानाला हेडफोन असतो आणि त्यात दुसरं गाणं चालू असतं, जे अजून कोणालाच ऐकू येत नाही. दोन कानांत दोन गाणी. दोन्हींची लय एक करायची असते. दुसरं गाणं जरा संथ असेल तर सरकपट्टी सरकवून ते वेगात आणायचं. पण गाण्याचा वेग वाढवला की पट्टीही चढते. सहा टक्के वेग वाढवला तर साधारण अर्ध्या स्वराचा फरक पडतो, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. मग ते आधीच्या गाण्याशी भांडायला लागतं. आता यंत्रात पट्टी बांधून ठेवायची सोय आहे, पण ती फार ताणली की गायकाचा आवाज पत्र्यासारखा होतो, म्हणून गाणी निवडतानाच पट्ट्यांचा मेळ डोक्यात ठेवावा लागतो. लय जुळली तरी काम संपत नाही. पहिल्या गाण्याचा अंतरा कुठे संपतो आणि दुसऱ्याचं धृपद कुठे सुरू होतं हे त्याला पाठ असावं लागतं, कारण नवं गाणं समेवर सोडलं नाही तर नाचणाऱ्याचं पाऊल हवेतच राहतं. दोन्ही गाण्यांचे खर्ज एकत्र वाजले की चिखल होतो. म्हणून एकाचा खर्ज कापत कापत दुसऱ्याचा आत आणायचा. हे सगळं करताना मान वर ठेवून मांडवाकडे बघायचं. मी ज्यांना चांगलं वाजवताना पाहिलं आहे, त्यांची नजर यंत्रावर कमी आणि माणसांवर जास्त असते.

यंत्रात आता एक बटण आहे, ते दाबलं की दोन गाण्यांची लय आपोआप जुळते. त्यावर बोट ठेवून लोक म्हणतात, बघा, यात कसब कुठे उरलं? नव्या गाण्यांपुरतं त्यांचं बरोबर आहे. संगणकावर बनलेल्या गाण्याची लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसूभर हलत नाही. पण जुनी कोळीगीतं लावायची तर हे बटण फसतं. त्या तबकड्यांवर ढोलकी माणसाने वाजवलेली आहे, आणि माणूस अंतऱ्यात जरा सावरतो, धृपदाला जरा पुढे पळतो. अशा गाण्याला दुसरं गाणं जोडायचं तर बोट सतत सरकपट्टीवर ठेवून, त्या ढोलकीवाल्याचा हात ऐकत ऐकत, दुसऱ्या गाण्याला त्याच्यामागे न्यावं लागतं. हे काम साथीदाराचं आहे. कोणताही तबलजी गायकामागे जे करतो तेच हा पोरगा एका जुन्या ध्वनिमुद्रणामागे करत असतो.

बोईसरचा डीजे आणखी एक गोष्ट जाणतो, जी कोणत्याही बेंजो पार्टीला जमणारी नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे तिथल्या एका मांडवात वाडवळ असतात, मांगेला असतात, आगरी असतात, वारली असतात, खानदेशातून आलेलं कुटुंब असतं, बिहारचे आणि उत्तर प्रदेशचे कामगार असतात, गुजराती शेजारी असतात. कोळीगीतावर एक कोपरा उठतो, अहिराणी गाण्यावर दुसरा, भोजपुरीवर तिसरा. गरब्याचा हींच ताल सहा मात्रांचा आणि हाऊस संगीताचा ठेका चाराचा, एकातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये काहीतरी पूल लागतो, नाहीतर नाच विस्कटतो. चार भाषांच्या माणसांना एका रिंगणात आणणं आणि तासभर टिकवणं हे नुसतं बटण दाबणं असेल, तर मृदंगावर हात मारणं हेही नुसतं चामडं बडवणंच म्हणावं लागेल.

यंत्राचा आक्षेप तर आपल्याकडे फार जुना आहे आणि आपण त्यात एकदा हरलेलो आहोत. हार्मोनियम आली तेव्हाही हेच म्हटलं गेलं : परकी पेटी, पट्टी दाबली की सूर तयार, मींड नाही, श्रुती नाही, कसब कसलं? 1940 मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती जवळपास तीन दशकं चालली. त्या आधी आणि त्या काळातही मराठी रंगभूमी पेटीवर उभी होती. ‘मानापमान’ची पदं 1911 मध्ये ज्यांनी बांधली ते गोविंदराव टेंबे स्वतः थोर पेटीवादक होते. आज कीर्तनात, भजनात, ख्यालाच्या साथीला पेटी असते आणि तिला यंत्र म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही. रियाजाला बसणारी मुलं इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतात, गुरू काही म्हणत नाहीत. यंत्र आत येतं, आणि ज्याच्या हातात ते संगीताला शरण जातं तो वादक ठरतो.

मुंबईत चरणजित सिंग म्हणून एक वादक होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवून पोट भरणारे. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तालयंत्रं आणि सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि त्याची तबकडी काढली. तेव्हा ती कोणी फारशी घेतली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले डीजे थक्क झाले, कारण शिकागोत काही वर्षांनी जी शैली जन्मली तिचे सूर या माणसाने आधीच वाजवून ठेवले होते. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ते काम जमलं ते रागाची तालीम हातात होती म्हणून. यंत्र तर तेव्हा पैसे देईल त्याला मिळत होतं.

म्हणून मी पुन्हा त्या ऐकण्याच्या कसोटीकडे येतो, कारण डीजेची कलाच मुळात तिच्यातून जन्मली. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका इमारतीच्या सभागृहात बहिणीने ठेवलेल्या पार्टीत क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा तबकड्या लावत होता. कूल हर्क या नावाने जग त्याला ओळखतं. त्याने एक गोष्ट हेरली होती : गाण्यातला गायक थांबतो आणि काही क्षण नुसतीच तालवाद्यं वाजतात, त्या तुकड्याची नाचणारे वाट बघत असतात. मग त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवल्या आणि एकीवरचा तो तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, असं करत तो लांबवला. त्यातून पुढे हिप-हॉप उभं राहिलं. हर्कने कोणतं नवं वाद्य शोधलं नाही, नवा सूर लावला नाही. त्याने नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघितलं. वेटोळ्याच्या मधोमध उभा असलेला तारपावादक हेच करतो.

आता आपल्या रस्त्यावर या. विसर्जनाच्या मिरवणुकीत, वरातीत टेम्पोवर जी भिंत उभी असते, जनरेटरच्या धुरात जिच्यामागे एक मुलगा बसलेला असतो, त्याला आपण डीजे म्हणतो, पण तिथे बहुतेक वेळा वाजवणारा कोणी नसतोच. पेन ड्राइव्हमध्ये तासभराचं जोडलेलं ध्वनिमुद्रण असतं, कुठल्यातरी शहरात कोणीतरी तयार करून विकलेलं. ते लावलं की मुलगा मोबाइल बघतो. समोरची माणसं थकली, म्हातारी आजी कानावर हात ठेवून उभी राहिली, पोर रडायला लागलं, तरी ते ध्वनिमुद्रण आपल्याच वेगाने चालत राहतं. इथे साउंडवाल्याचा धंदा वेगळा आणि वाजवणाऱ्याचं कसब वेगळं, आणि आपण दोघांना एकाच नावाने हाक मारतो म्हणून चांगल्या डीजेला वाईटाची शिवी खावी लागते. साउंडवाला भाड्याने आवाज देतो. त्याची किंमत स्पीकरच्या संख्येवर ठरते, म्हणून त्याची चढाओढही आवाजाची असते. एकमेकांसमोर दोन भिंती उभ्या करून कोणाची छाती जास्त हादरवते हे ठरवायच्या स्पर्धा महाराष्ट्रात होतात. त्यात संगीताचा काही संबंध नाही.

आवाजाबद्दल मी नरमाईने बोलणार नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले सवलतीचे थोडे दिवस सोडले तर. 2018 मध्ये गणेशोत्सवाच्या वेळी साउंड व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायालयाने डीजेला मोकळीक दिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास सोसता येतो, पण 100 डेसिबलचा आठवड्याला जेमतेम वीस मिनिटं. भिंतीसमोर नाचणारा मुलगा ही आठवड्याची शिदोरी पहिल्या चार-पाच गाण्यांत संपवतो. आणि रात्रभर टेबलामागे बसणारा डीजे तर स्वतःचं वाद्यच गमावत असतो, कारण कान हेच त्याचं वाद्य आहे. तारप्याच्या आवाजाला फुफ्फुसाची मर्यादा आहे. ऐकायचं तर जवळ यावं लागतं. ही मर्यादा म्हणजे उणीव आहे असं समजून आपण ती घालवली आणि तिच्याबरोबर वाजवणाऱ्याची नजरही घालवली. शंभर फूट लांब उभ्या माणसाचा चेहरा कोणाला दिसतो?

म्हणजे ऐकणारा डीजे वादक, न ऐकणारा नुसता भाडोत्री आवाज. इथे थांबता आलं असतं तर सोपं होतं. पण एक प्रश्न उरतो आणि तो चांगल्यातल्या चांगल्या डीजेलाही चुकत नाही. तो जे वाजवतो ते कोणीतरी आधी वाजवलेलं असतं. त्याचा कान तयार असेल, निवड अचूक असेल, पण सूर दुसऱ्याच्या घशातून आलेला असतो. तारपावादक नवा चाळा बांधू शकतो आणि तो नातवाला देऊ शकतो. कोळीगीत कोणीतरी रचलं, कोणीतरी त्याला चाल लावली, ढोलकीवाल्याने त्याला ठेका दिला, तेव्हा ते डीजेच्या पेटीत आलं. या बाबतीत दोघांना समान म्हणणं मला खोटेपणाचं वाटतं. कसब दोघांकडे आहे. निर्मितीचं ओझं मात्र एकाच्याच खांद्यावर आहे आणि तो खांदा आपल्या डोळ्यांदेखत वाकतो आहे.

वारली लग्नात धवलेरी असते. लग्न लावणारी बाई. तिच्या गाण्यांशिवाय विधी पुढे सरकत नाही आणि ती गाणी कुठे लिहिलेली नसतात, तिला पाठ असतात. त्याच लग्नात आता रात्री स्पीकरही येतात. धवलेरीच्या हाती माइक नसतो. तिची गाणी शिकायला बसणाऱ्या मुली आज ज्या मांडवात वाढतात, तिथे त्यांच्या कानावर तिचा आवाज किती वेळ पडतो आणि भिंतीचा किती वेळ, याचा हिशेब ज्याने त्याने मनात करावा. उद्या एखादा हुशार डीजे म्हणाला की मला माझ्या पाड्याचं गाणं वाजवायचं आहे, तर तो आणणार कुठून?

कायदाही इथे मदतीला येत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला सूट दिली आहे. गरिबाच्या लग्नात कोणी पावतीबुक घेऊन उभं राहू नये म्हणून ही सूट हवीच. पण तिचा अर्थ असा होतो की हळदीत हजारो वेळा वाजलेल्या गाण्याचा एक पैसाही ते करणाऱ्याकडे जात नाही. आणि चाळ्याला, धवलेरीच्या गाण्याला तर कागदोपत्री मालकच नाही. कायद्याने जे मागता येत नाही ते रीत म्हणून द्यावं लागतं. पूर्वी वाजंत्र्याला शिधा, धोतरजोडी, मान मिळायचा तो अशाच रीतीने.

याची वाट जमैकाच्या साउंडवाल्यांनी दाखवून ठेवली आहे. ब्राँक्सचा तो कूल हर्क मूळचा किंग्स्टनचा. तिथे 1950 च्या दशकात रस्त्यावर स्पीकरच्या भिंती उभ्या राहत, अगदी आपल्यासारख्या, दोन साउंडवाल्यांची चढाओढही आपल्यासारखीच. वाजायच्या त्या अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या. दशकाच्या अखेरीस अमेरिकेतली आवड बदलली आणि लोकांना हव्या तशा तबकड्या मिळेनाशा झाल्या. तेव्हा कॉक्सन डॉड, ड्यूक रीड यांच्यासारख्या साउंडवाल्यांनी गावातले वादक गोळा करून स्वतःची ध्वनिमुद्रणं सुरू केली. अनाथ आणि गरीब मुलांच्या अल्फा शाळेत बँड शिकलेली मुलं त्यांच्याकडे वाजवू लागली. 1963 मध्ये डॉडने स्टुडिओ वन उघडला. स्का आणि पुढे रेगे जगाला मिळालं ते या भिंतींच्या मालकांमुळे. ज्यांनी आधी वादकांचं काम काढून घेतलं होतं त्यांनीच वादकांना काम दिलं.

बोईसर-पालघरचे साउंडवाले हे करू शकतील का? पैसा आहे, माइक आहेत, मिक्सर आहेत, ऐकणारा समाज आहे. घरगुती संगणकावर ध्वनिमुद्रण करता येईल इतकी यंत्रं स्वस्त झाली आहेत. 2024 मध्ये क्रेटेक्स या नावाने वाजवणाऱ्या मराठी डीजेने श्रेयसबरोबर ‘तांबडी चामडी’ केलं, नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने ते काढलं आणि मराठी शब्दांवर परदेशात लोक नाचले. मराठी डीजे वाजवण्याच्या पुढे जाऊन बनवू शकतो, हे त्याने दाखवून दिलं. ते गाणं कोणाला आवडेल, कोणाला नाही. पण आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला तारप्याचा सूर अंगणात मिळतो, आणि तो सूर जगात दुसऱ्या कुठल्या डीजेकडे नाही. फक्त एक अट मी घालीन. तारप्याचा तुकडा कापून चाराच्या ठेक्यावर ठोकून बसवला की काम झालं, असं होऊ नये. तारप्याची लय श्वासाबरोबर फुगते आणि ओसरते. तिला यंत्राच्या चौकटीत कोंबलं की उरतो तो नुसता भोंगा. डीजेने वादकाच्या पायाशी बसून आधी चाळे ऐकावेत, त्यावर नाचावं, मग यंत्राला हात लावावा. जुन्या ढोलकीमागे बोट फिरवत जाणाऱ्या डीजेला हे अवघड जाऊ नये.

आणि हे सगळं साउंडवाल्यांवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. सुपारी आपण देतो. भिंत किती उंच पाहिजे हे आपण सांगतो, शेजारच्या हळदीपेक्षा एक टॉप स्पीकर जास्त हवा असा हट्ट आपला असतो. पंधरा माणसांची बेंजो पार्टी महाग पडते म्हणून टेम्पो आणि दोन मुलं आपणच बोलावली. त्या पार्टीतला कॅसिओवाला, पत्रीवाला, ढोलकीवाला आज बहुधा कुठल्यातरी कंपनीत पाळीवर जातो, आणि त्याचा मुलगा ढोलकी शिकत नाही, कारण शिकून वाजवायचं कुठे?

म्हणून माहीमकरांना, केळवेकरांना, बोईसरकरांना माझं सांगणं आहे. घरात लग्न निघालं की डीजे जरूर ठरवा, पण ठरवताना त्याला विचारा, तू वाजवतोस की लावतोस? जो पेन ड्राइव्ह लावून बसणार असेल त्याला पैसे देऊ नका, ते काम तुमचा भाचाही करेल. जो वाजवतो त्याला वादकाचा मान द्या, आहेराच्या यादीत त्याचं नाव घाला, आणि वाजवणं रात्री दहाच्या आत आटोपून आवाज बेताचा ठेवायला सांगा. त्या रात्रीचा पहिला तास मात्र स्पीकर बंद ठेवून जिवंत वादकांना द्या. तुमच्याकडे बेंजोची रीत असेल तर बेंजो, संबळ असेल तर संबळ, पूर्वेकडच्या पाड्याशी ओळख असेल तर तारपा. भिंतीच्या भाड्यातून दोन टॉप कमी केले तर त्यांची बिदागी निघते. त्या तासात डीजेलाही रिंगणात उभं करा आणि त्याला ते ध्वनिमुद्रित करू द्या, वादकाला विचारून, त्याचं नाव लिहून, त्याला वेगळे पैसे देऊन. तुळशीच्या लग्नानंतर यंदाचे मुहूर्त सुरू होतील आणि सुपाऱ्या त्याच्या बऱ्याच आधी ठरतात. बोलणी करायची वेळ आत्ताची आहे.